चॅटबॉट घेण्याआधी हे करा: धंद्याची माहिती कॉम्प्युटरला कळेल अशी मांडा



छोटा धंदा नुकताच सुरू केलाय, आणि व्हॉट्सॲपवर दिवसभर तेच ते मेसेज येतायत. भाव काय? घरपोच मिळेल का? किती दिवस टिकतं? उत्तरं देता देता हातातलं काम मागे पडतं. मग कुणीतरी सांगतं, "अहो, एक चॅटबॉट लावून टाका, चोवीस तास तोच उत्तरं देईल." आणि आपण लगेच विचारतो, कुठला घेऊ? महिन्याला किती पडेल?

जरा थांबा. त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. हा बॉट उत्तर देणार कशाच्या आधारावर? तुमच्या धंद्याची माहिती आज आहे कुठे? थोडी पत्रकात, थोडी जुन्या मेसेजमध्ये, थोडी वहीत आणि उरलेली सगळी तुमच्या डोक्यात. डोक्यातलं कॉम्प्युटरला दिसत नाही. आणि पत्रकातलं दिसलं, तरी ते त्याला आपल्यासारखं समजेलच असं नाही.

लिहिलेल्या मजकुरातलं ज्ञान कॉम्प्युटरला वापरता येईल अशा रूपात मांडायचं, हा साठ वर्षांहून जुना विषय आहे. मोठमोठ्या संशोधकांनी त्यात आयुष्य घातलंय. पण त्यातलं मूळ तत्त्व साधं आहे आणि तुम्हाला ते या आठवड्यात वापरता येईल. आज तेच बघू या.

एक पत्रक आणि पाच प्रश्न

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. तुमच्या पत्रकात असं लिहिलंय:

"आमच्याकडे पारंपरिक पद्धतीने बनवलेला, शंभर टक्के नैसर्गिक गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि थालीपीठ भाजणी मिळेल. पुण्यात ५०० रुपयांच्या वर घरपोच मोफत. दिवाळीत ऑर्डर पाच दिवस आधी द्यावी. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. खराब निघाल्यास बदलून मिळेल."

वाचायला छान आहे. आता ग्राहकांचे प्रश्न बघा.

पहिला: "मी पिंपरीत राहते, डिलिव्हरी फ्री आहे ना?" पत्रकात 'पुण्यात' आहे. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, पण जिल्हा पुणेच. तुमच्या मनात नेमकं काय होतं?

दुसरा: "माझं बिल बरोबर ५०० झालंय." 'पाचशेच्या वर' म्हणजे ५०० धरून की ५०१ पासून?

तिसरा: "दिवाळीच्या पाच दिवस आधी म्हणजे कधी?" दिवाळी वसुबारसेपासून मोजायची की लक्ष्मीपूजनापासून?

चौथा: "पाकीट फोडलं तर कुबट वास येतोय. घेऊन दोन महिने झाले. बदलून देणार का?" किती दिवसांच्या आत, हे लिहिलेलंच नाही.

पाचवा सगळ्यात गंभीर: "माझ्या मुलाला तिळाची ॲलर्जी आहे. गोडा मसाला चालेल का?"

या पाचव्या प्रश्नापाशी काळजाचा ठोका चुकायला हवा. गोड्या मसाल्यात तीळ असतातच, हे तुम्हाला झोपेतही माहीत आहे. पण पत्रकात ते कुठेच नाही. पत्रकात काय आहे? 'शंभर टक्के नैसर्गिक'. तेवढ्याच मजकुरावर चालणारा बॉट अगदी गोड भाषेत सांगू शकतो, "हो ताई, आमचा मसाला पूर्ण नैसर्गिक आहे, निर्धास्त वापरा." चूक बॉटची दिसेल, पण त्रास त्या मुलाला होईल आणि नाव तुमच्या धंद्याचं जाईल.

हीच पाच उत्तरं तुम्ही स्वतः फोनवर दिली असती, तर एकही चुकलं नसतं. कारण तुम्ही पत्रक वाचून उत्तर देत नाही, धंदा माहीत असल्यामुळे देता. बॉटकडे तो धंदा नाही, फक्त पत्रक आहे. हे अंतर भरून काढणं म्हणजेच ज्ञानाची मांडणी.

१९६१ साली हे कसं जमलं?

तुम्हाला वाटेल, कॉम्प्युटरने माणसाच्या भाषेतल्या प्रश्नाला उत्तर देणं ही गेल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट आहे. तसं नाही. १९६१ साली अमेरिकेत बर्ट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बेसबॉल' नावाच्या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. प्रश्न पंचकार्डावर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर द्यायचा. अमुक संघ ७ जुलैला कुठे खेळला, असं साध्या इंग्रजीत विचारायचं. प्रोग्राम उत्तर काढून द्यायचा.

त्या काळातली मशिन्स आजच्या तुमच्या मोबाइलपुढे काहीच नव्हती. तरी जमलं, कारण दोन कामं आधीच करून ठेवली होती. एक, माहिती बातमीसारखी लिहिली नव्हती. एका मोसमातल्या सामन्यांची माहिती ठरावीक खणांत भरली होती: महिना, दिवस, ठिकाण, संघ, धावसंख्या. दोन, आलेला प्रश्नसुद्धा त्याच खणांत बसवला जायचा. संघ अमुक, महिना जुलै, दिवस ७, ठिकाण प्रश्नचिन्ह. मग प्रश्नचिन्हाचा खण शोधून भरायचा, एवढंच काम उरलं.

खणांतली माहिती तुम्हाला नवीन नाही. सातबारा आठवा. त्यात जमिनीचं वर्णन करणारा निबंध नसतो. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचं नाव, पीक, सगळ्याला आपापली जागा. म्हणून तलाठ्याला काहीही विचारा, तो बरोबर रकान्यावर बोट ठेवतो. मसाल्याच्या पाकिटावरचं लेबलही तसंच: घटक, वजन, उत्पादनाची तारीख, किती काळ चांगलं राहील, एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक. पत्रक ग्राहकाला मोहात पाडायला असतं, लेबल प्रश्नाचं उत्तर द्यायला असतं. बॉटला जेवण द्यायचंय ते लेबलाच्या जातीचं.

वाक्य फोडायचं कसं? शाळेतलं व्याकरण काढा

आता प्रत्यक्ष काम. लिहिलेल्या वाक्यातून खण कसे काढायचे?

शाळेत विभक्ती आणि कारकार्थ शिकला होतात ना? कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. आज ते कामाला येतंय.

हे वाक्य घ्या: "ताईंनी सोमवारी पुण्याहून कुरियरने ग्राहकाला मसाला पाठवला." फोडा. कुणी पाठवला? ताईंनी. काय? मसाला. कशाने? कुरियरने. कुणाला? ग्राहकाला. कुठून? पुण्याहून. केव्हा? सोमवारी. सहा प्रश्न, सहा खण. शब्दांची जागा बदलून "ग्राहकाला मसाला ताईंनी सोमवारी पाठवला" म्हणा, खणातलं उत्तर बदलत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण दहा ग्राहक तीच गोष्ट दहा तऱ्हेने विचारतात.

'नासा म्हणते संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा आहे' असा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याच्या मुळाशी एक खरा लेख आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली 'एआय मॅगझिन'मध्ये तो लिहिला. त्यांचा मुद्दा असा होता की संस्कृतच्या जुन्या व्याकरणकारांनी वाक्याचा अर्थ क्रिया आणि तिच्याशी असलेल्या कारकांच्या नात्यांत फोडायची जी पद्धत बसवली, ती कॉम्प्युटरमध्ये ज्ञान साठवायच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. नासा संस्कृतमध्ये प्रोग्राम लिहिते, असं त्या लेखात कुठेही नाही. पण जे आहे, तेही आपल्या फार उपयोगाचं आहे: मजकुराचा अर्थ शब्दांमध्ये शोधू नका, नात्यांमध्ये शोधा.

याच विचाराशी जुळणारी आजची एक सर्वात सोपी पद्धत आहे, तीन भागांची. वस्तू, नातं, उत्तर. बघा:

गोडा मसाला – यात आहे – तीळ
गोडा मसाला – यात नाही – कांदा, लसूण
गोडा मसाला – टिकतो – अमुक महिने
कांदा-लसूण मसाला – कुटला जातो – त्याच कांडपावर

शेवटची ओळ वाचून थबकलात? चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी एखादी आजी नेमकं हेच विचारते: "बाळा, दोन्ही मसाले एकाच कांडपावर कुटता का रे?" हे कुठल्याच पत्रकात नसतं. तीन भागांत लिहायला बसलात की अशा न लिहिलेल्या गोष्टी आपोआप वर येतात. म्हणून ही पद्धत मला आवडते.

एक नाव, अनेक वस्तू

पुढची अडचण नावांची. मे २०१२ मध्ये गूगलने 'नॉलेज ग्राफ' आणला, तेव्हा समजावून सांगायला ताजमहालचं उदाहरण घेतलं होतं. कुणी 'ताजमहाल' शोधलं तर त्याला आग्र्याची वास्तू हवी, त्या नावाचा संगीतकार हवा की त्या नावाचा कॅसिनो? अक्षरं तीच, वस्तू वेगळ्या. म्हणून गूगलने अक्षरं जुळवण्याच्या पुढे जाऊन प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद आणि त्या नोंदींमधली नाती सांभाळायला सुरुवात केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'विकिडेटा' या खुल्या प्रकल्पातही प्रत्येक गोष्टीला स्वतःचा क्रमांक असतो. नाव कुठल्याही भाषेत लिहा, क्रमांक एकच.

तुमच्या धंद्यात ताजमहाल आहे का? आहे! 'काळा मसाला' हा शब्द घ्या. काही घरांत तो गोड्या मसाल्यालाच म्हणतात, तर काही भागांत काळा मसाला म्हणजे चांगला झणझणीत. ग्राहकाने "काळा मसाला अर्धा किलो" असा मेसेज टाकला, तर बॉट काय पाठवेल?

उपाय सोपा आहे. प्रत्येक वस्तूला तुमचा एक क्रमांक द्या: म-१, म-२, भ-१. त्याच्यापुढे एक अधिकृत नाव. मग लोक वापरतात ती सगळी नावं, मराठीतली, हिंदीतली आणि मोबाइलवर मोडकंतोडकं लिहितात तीसुद्धा. आणि जे नाव दोन वस्तूंना लागू शकतं, त्याच्यापुढे स्पष्ट लिहा: 'ग्राहकाला विचारा, तिखट हवा की गोडा?' हीसुद्धा माहितीच आहे.

आजचा बॉट आतून कसा चालतो?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आजची भाषा-मॉडेल्स तर पानंच्या पानं वाचून उत्तर देतात. मग खण कशाला पाडायचे?

रास्त प्रश्न. उत्तरासाठी आतलं यंत्र थोडं उघडून बघू. आज धंद्यांना विकले जाणारे बरेच बॉट 'रॅग' या पद्धतीवर चालतात. रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन या नावाचं हे लघुरूप. हे नाव २०२० मधल्या एका शोधनिबंधातून पुढे आलं. काम असं चालतं. तुम्ही दिलेल्या मजकुराचे छोटे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याचं आकड्यांच्या लांबलचक यादीत रूपांतर होतं, असं की अर्थाने जवळचे तुकडे आकड्यांतही जवळ पडतील. ग्राहकाचा प्रश्न आला की त्याचंही तसंच रूपांतर करून सर्वात जवळचे काही तुकडे शोधले जातात. मग ते तुकडे आणि प्रश्न दोन्ही भाषा-मॉडेलला देऊन सांगितलं जातं, यावरून उत्तर लिही.

म्हणजे मॉडेल तुमचं अख्खं पत्रक दर वेळी वाचेलच असं नाही. त्याच्या हातात दोन-चार तुकडे येतात. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक: नियम एका तुकड्यात आणि अपवाद दुसऱ्या तुकड्यात. 'माल परत घेतला जाणार नाही' सापडलं आणि 'खराब निघाल्यास बदलून मिळेल' राहून गेलं, की चांगला ग्राहक तुटला. म्हणून नियम आणि त्याचा अपवाद एकाच वाक्यात लिहा.

दोन: 'वरीलप्रमाणे', 'तो', 'हीच अट' असे शब्द. तुकडा कापला गेला की 'वर' काहीच उरत नाही. प्रत्येक नोंदीत वस्तूचं पूर्ण नाव पुन्हा लिहा. निबंधात पुनरुक्ती हा दोष, इथे तो गुण आहे.

तीन: जुनं आणि नवं शेजारी शेजारी. गेल्या दिवाळीचं दरपत्रक आणि या दिवाळीचं, दोन्ही फाइली दिल्यात तर दोन्ही तुकडे प्रश्नाच्या सारखेच जवळचे ठरतात. बॉटला आज कोणती तारीख खरी, हे कोण सांगणार? प्रत्येक भावापुढे 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' हवंच, आणि जुनी फाइल काढून टाकायला हवी.

म्हणजे भाषा-मॉडेलमुळे भाषेचं काम हलकं झालं. ग्राहकाने कसंही विचारलं तरी त्याला बऱ्यापैकी कळतं. माहिती नेमकी करण्याचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं.

बॉट चुकला तर पैसे कोण भरणार?

हे फक्त पुस्तकी नाही. एअर कॅनडा या मोठ्या विमान कंपनीचं प्रकरण बघा. एका प्रवाशाच्या घरी मृत्यू झाला होता. अशा प्रवासासाठी कंपनी भाड्यात सवलत देते. त्याने कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटला विचारलं. बॉटने सांगितलं की तिकीट काढल्यानंतर ९० दिवसांच्या आत अर्ज करून सवलत मिळवता येईल. त्याने पूर्ण भाडं भरून तिकीट काढलं आणि नंतर अर्ज केला. कंपनीने नकार दिला, कारण तिच्याच संकेतस्थळावरच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की प्रवास झाल्यावर ही सवलत मागता येत नाही.

प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नागरी तंटा न्यायाधिकरणापुढे गेलं. कंपनीच्या युक्तिवादात एक मुद्दा असाही होता की बॉट ही जणू वेगळी व्यक्ती आहे आणि त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. न्यायाधिकरणाने ते मान्य केलं नाही. संकेतस्थळावरची सगळी माहिती, मग ती साध्या पानावर असो की बॉटच्या तोंडून आलेली, ही कंपनीचीच जबाबदारी, असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. व्याज आणि शुल्क धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर कंपनीला द्यावे लागले.

कायदा कॅनडाचा आहे, आपला नाही. पण व्यवहार सगळीकडे सारखाच. दुकानातल्या पोऱ्याने चुकीचा भाव सांगितला तर ग्राहक पोऱ्याशी भांडत नाही, गल्ल्यावर येतो. विमान कंपनीला ८१२ डॉलर जाणवलेही नसतील. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या धंद्यात एक बिघडलेली ऑर्डर आणि तिचा गावभर झालेला बोभाटा महिन्याचा नफा खाऊन जातो.

'विचारून सांगते' हेही उत्तर आहे

आणखी एक किस्सा, धंदेवाल्याने लक्षात ठेवावा असा. फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएमचा 'वॉटसन' हा कॉम्प्युटर अमेरिकेच्या 'जेपर्डी' या प्रश्नमंजूषेत केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांविरुद्ध उतरला. सुमारे २० कोटी पानांचा मजकूर त्याच्या पोटात होता आणि खेळताना तो इंटरनेटला जोडलेला नव्हता.

पहिल्या सामन्याचा शेवटचा प्रश्न 'अमेरिकेतली शहरं' या गटातला होता. ज्या शहराच्या सर्वात मोठ्या विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातल्या वीराचं आणि दुसऱ्या मोठ्या विमानतळाला त्याच युद्धातल्या लढाईचं नाव आहे, ते शहर कोणतं? उत्तर होतं शिकागो. वॉटसनने लिहिलं टोरांटो, जे कॅनडात आहे! लोक हसले. पण दोन गोष्टी बघा. त्याने उत्तरापुढे पाच प्रश्नचिन्हं टाकली होती. आणि या प्रश्नावर पैज लावली होती फक्त ९४७ डॉलरची. आपल्याला खात्री नाही, हे त्याला कळत होतं. पैज छोटी असल्यामुळे नुकसान किरकोळ झालं आणि शेवटी ७७,१४७ डॉलर मिळवून तो जिंकला. जेनिंग्जचे २४,००० आणि रटरचे २१,६०० झाले.

तुमच्या बॉटलाही हे शिकवावं लागतं. माहितीत उत्तर नसेल तर 'नक्की माहीत नाही, विचारून सांगते' म्हणायचं आणि मेसेज तुमच्याकडे पाठवायचा. कुठले प्रश्न थेट तुमच्याकडेच यावेत, याची यादीही आधीच करा: ॲलर्जी, आजारपण, लहान बाळासाठीची चौकशी, तक्रार, मोठी ऑर्डर, उधारी. इथे बॉटने अंदाज बांधायचा नाही.

चला, कामाला लागू: सात पायऱ्या

पायरी १. मागच्या एका महिन्याचे व्हॉट्सॲप मेसेज काढा. ग्राहकांनी विचारलेले ५० प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. सुधारून लिहू नका. "रेट काय ताई" असं असेल तर तसंच.

पायरी २. प्रत्येक प्रश्न कोणता खण मागतोय, ते बाजूला लिहा: भाव, घटक, टिकण्याचा काळ, पोचवण्याचा भाग, बदलून देण्याची अट, पैसे देण्याची पद्धत. पन्नास प्रश्नांतून साधारण दहा-बारा खण निघतील. हा तुमच्या धंद्याचा सातबारा.

पायरी ३. मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर साधी एक्सेल शीट उघडा. एका ओळीत एक वस्तू, एका रकान्यात एक खण. पहिल्या रकान्यात तुमचा क्रमांक, दुसऱ्यात अधिकृत नाव, तिसऱ्यात लोक वापरतात ती नावं.

पायरी ४. रकाने भरताना ढिले शब्द काढून टाका. 'पुण्यात' ऐवजी पिनकोडची यादी. 'पाचशेच्या वर' ऐवजी '५०० रुपये किंवा जास्त'. 'काही दिवसांत' ऐवजी 'माल मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत, पाकिटाच्या फोटोसह'. 'दिवाळीच्या आधी' ऐवजी त्या वर्षीची नेमकी तारीख. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा आणि 'मालकाला विचारा' लिहा. अंदाजाने भरू नका.

पायरी ५. नियमांसाठी वेगळं पान करा. एक नियम, त्याचा अपवाद आणि तो कधीपासून लागू, हे सगळं एकाच वाक्यात. उदाहरणार्थ: "मसाल्याचं पाकीट खराब निघालं तर माल मिळाल्यापासून ७ दिवसांत फोटो पाठवल्यास बदलून मिळतं; इतर कारणासाठी विकलेला मसाला परत घेतला जात नाही; हा नियम अमुक तारखेपासून."

पायरी ६. काय द्यायचं नाही, तेही ठरवा. मसाल्यातले घटक सांगायलाच हवेत, पण प्रमाण ही तुमची पुंजी आहे, ती फाइलमध्ये नको. ग्राहकांचे फोन नंबर, पत्ते, उधारीची वही, माल कुठल्या व्यापाऱ्याकडून काय भावाने घेता, यातलंही काही नको. बॉटच्या पोटात गेलेली गोष्ट कधीतरी त्याच्या तोंडून बाहेर येऊ शकते, असंच धरून चाला.

पायरी ७. परीक्षा घ्या. तुमचा धंदा माहीत नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला किंवा शेजारच्या कॉलेजच्या पोराला ही शीट आणि नियमांचं पान द्या. पन्नासातले वीस प्रश्न विचारा. फक्त कागदावर बघून तो बरोबर उत्तर देऊ शकला पाहिजे, तुमच्याकडे न बघता. जिथे तो अडला किंवा चुकला, तिथे चूक कागदाची. दुरुस्त करा आणि पुन्हा विचारा. माणूस पास झाला की मगच बॉटला हीच परीक्षा द्या, तेच प्रश्न, त्याच मोडक्या भाषेत. आणि दर महिन्याच्या एक तारखेला शीट उघडून भाव, तारखा तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

बॉट घेतलाच नाही तर?

तरी ही मेहनत वाया जात नाही. उद्या हाताखाली एखादी मुलगी कामाला ठेवलीत, तर पहिल्याच दिवशी ती फोन घेऊ शकेल. तुम्ही आजारी पडलात, घरात लग्न निघालं, तरी ऑर्डर थांबणार नाहीत. लेबल छापायचंय, ऑनलाइन बाजारात वस्तू चढवायचीय, बँकेत कर्जासाठी व्यवसायाची माहिती द्यायचीय, सगळीकडे हीच शीट उघडायची.

आणि बॉट घेतलात, तर विकायला आलेल्या माणसाला तीन प्रश्न नक्की विचारा. माझी माहिती बदलली की बॉटचं उत्तर किती वेळात बदलेल? उत्तर माहीत नसेल तेव्हा तो काय करतो, ते आत्ता माझ्यासमोर दाखवा. आणि त्याने दिलेलं प्रत्येक उत्तर कुठल्या नोंदीवरून आलं, हे मला नंतर बघता येईल का? या तीन प्रश्नांना गोलमोल उत्तरं मिळाली, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

आजचा गृहपाठ एवढाच: पायरी १. आज रात्री जेवणं झाल्यावर मोबाइल घ्या, वही घ्या आणि ग्राहकांचे पहिले दहा प्रश्न लिहून काढा. दहापैकी कितींची उत्तरं तुमच्या पत्रकात आहेत आणि किती फक्त तुमच्या डोक्यात, ते मोजा. तो आकडा खाली कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातले काही प्रश्न घेऊन आपण एक शीट सगळे मिळून भरू.

भेटू या!